धनंजयला रद्दीत घालणाऱ्यांनो!

रहस्यकथा म्हणजे अफू. अर्नाळकर म्हणजे बहुजनांच्या डोक्यात भरलेला भुसा. धनंजय हा व्यवस्थेचा खबऱ्या आणि झुंजार हा बंगलेवाल्यांचा लाडावलेला चोर. चळवळीतल्या पोरांनी हा कचरा वाचू नये. वाचलाच तर निदान कुणाला सांगू नये.

हे आमच्या अभ्यासवर्गातल्या विद्वानांचं म्हणणं. एकाचं नाही, चौघापाचांचं. नावं घेत नाही, कारण ते सगळे आपलेच आहेत आणि नाव घेतलं की मुद्दा बाजूला राहून माणसं भांडायला लागतात. पण म्हणणं छापायलाच पाहिजे, कारण ते नुसतं म्हणणं राहिलेलं नाही. गोंदियातल्या आमच्या एका वस्तीत पोरांनी वर्गणी काढून वाचनालय चालवलं होतं. लाकडी कपाट एक, लोखंडी रॅक दोन. त्यातल्या एका रॅकवर धनंजय, झुंजार, काळापहाड, गोलंदाज, कॅप्टन दीप, अमर विश्वास, फिरोज इराणी असे सगळे एकमेकांना चिकटून, मुखपृष्ठं फाटलेली, पाठीला डिंक लावलेला, दाटीवाटीनं उभे होते. कमिटी बसली. ठराव झाला. रॅक रिकामा झाला. पोती भरली, काटा लागला, रद्दीवाला किलोवर घेऊन गेला. त्या जागी जाडजूड वैचारिक ग्रंथ आले. ग्रंथ चांगले आहेत, मी वाचलेत. पण संध्याकाळी ज्या वाचनालयात बसायला जागा नसायची तिथं आता कुलूप उघडणारा पोरगा एकटा बसून मोबाईल बघतो.

म्हणून मी बोलतो. ऐकायचं तर ऐका.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचं हे वाक्य तुमचं नाही. ते उसनं आहे. मराठीच्या सोवळ्या समीक्षेनं हे वाक्य दोन पिढ्या घोकलंय. चंद्रकांत सखाराम चव्हाण नावाचा माणूस, जन्म १९०६, मृत्यू १९९६, अर्नाळा गावावरून अर्नाळकर झाला आणि त्यानं हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. गिनीज बुकातल्या नोंदीचा आकडा १०४२ असा सांगतात. आकड्याचं सोडा. हजार पुस्तकं लिहिणारा माणूस कुठल्याही भाषेत चमत्कार म्हणून दाखवला गेला असता. आपल्याकडं त्याला वाङ्मयाच्या इतिहासात पायपुसण्याजवळ बसवलं. का? कारण तो कोण वाचत होतं ते त्यांना ठाऊक होतं. गिरणीवाला वाचत होता. हॉटेलातला पोऱ्या वाचत होता. पोस्टमन, कंडक्टर, कंपाउंडर, शाळेत मागच्या बाकावर बसवलेला पोरगा वाचत होता. पुस्तक वाईट म्हणून वाचक वाईट, की वाचक हलका म्हणून पुस्तक हलकं? या प्रश्नाचं उत्तर त्यांनी कधी दिलं नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही.

आणि आता तुम्ही त्यांचीच सोवळी नेसून उभे! त्यांचं कारण अभिरुची, तुमचं कारण क्रांती. पुस्तक मात्र दोघांच्याही हातून एकाच उकिरड्यावर पडलं.

आता मी कुठून बोलतो ते सांगतो. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी आम्ही भंडाऱ्याचे. मी पोरगा होतो तेव्हा गोंदिया म्हणजे स्टेशन. मुंबई-हावडा लाईन इथून जाते, एक फाटा बालाघाटकडं, एक चांदाफोर्टकडं, आणि तेव्हा ती छोटी लाईन होती. गाव अर्धं मराठी, अर्धं हिंदी. घरात झाडी, बाजारात हिंदी, शेजारी पोवारी, शाळेत पुण्याची मराठी. राइस मिलचा भुसा उडायचा तो डोळ्यात जायचा. बाप मिलमध्ये हमाल. माय घरी विड्या वळायची. स्टेशनवरच्या स्टॉलवर मेरठ-दिल्लीचे हिंदी पॉकेट बुक्स, पलीकडं भाड्यानं पुस्तकं देणाऱ्याकडं अर्नाळकर. एका दिवसाचं भाडं ठरलेलं. पुस्तक दुसऱ्या दिवशी परत केलं नाही तर दुप्पट. म्हणून शंभर पानं एका रात्रीत संपवायची सवय लागली. आज मी कोर्टाचे कागद, सरकारी जीआर, आयोगांचे अहवाल रात्रीतून वाचून सकाळी बोलायला उभा राहतो ना, ती ताकद कुठल्या विद्यापीठानं दिली? त्या दुप्पट भाड्याच्या भीतीनं दिली!

मायला वाचता येत नव्हतं. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता, जर्दा, दोरा. हात चालू. मी कंदिलापाशी बसून मोठ्यानं वाचायचो. हजार विड्या झाल्या की एक प्रकरण जास्त, असा आमचा करार. आणि ही बाई, जिला तुम्ही सर्टिफिकेट देणार नाही, ती तिसऱ्या प्रकरणात वाचन थांबवायची. म्हणायची, "थांब गा. ह्या वकिलाच्या घरची चावी कोनापाशी होती? ते तं सांगतलंच नाही." मी मागची पानं चाळायचो. खरंच सांगितलेलं नसायचं. पुढं कुठंतरी धनंजयला तीच चावी सापडायची. माय हसायची नाही, विडी वळत राहायची. म्हणायची, "ज्याच्या हाती वही असते ना बापू, तो कदी सामने दिसत नाही." सट्टेदाराकडं विड्या घालायला जायची ती. शेकड्यामागं किती छाट काढली, कुणाच्या वहीत किती मांडलं, कुणाची वही कोरी, हे सगळं तिच्या डोक्यात. तिला पुराव्याचा अर्थ कुणी शिकवायची गरज नव्हती. पण जगात एक गोष्ट अशी असते की जिच्यात शेवटी वहीवाल्याला उठून उत्तर द्यावं लागतं, हे तिला धनंजयनं पहिल्यांदा ऐकवलं.

याला अफू म्हणता? अफूनं माणूस झोपतो. माझी माय जागायची.

बरं, आता कामाचं बोलू. मुंबई-पुण्याची, नागपूरची तरुण पोरं मला विचारतात की ही हजार पुस्तकं, सुरुवात कुठून करायची? पहिलं पुस्तक कोणतं, क्रम कोणता? क्रम नाही, हेच तर मजेचं आहे. कुठूनही सुरू करा. ही मालिका म्हणजे महाकाव्य नाही की आदिपर्वापासून बसावं. प्रत्येक पुस्तकात धनंजय नवा. छोटू त्याच्या शेजारी. मढं पडतं, कुणीतरी धावत येतं, धनंजय निघतो, शेवटी उलगडा. मागच्या केसची जखम पुढच्या केसमध्ये दुखत नाही. वय वाढत नाही. म्हणून जे हाताला लागेल ते घ्या. रद्दीत लागलं तर रद्दीत. माझं ऐकाल तर आधी धनंजय-छोटू घ्या, कारण खासगी डिटेक्टिव्ह म्हणजे काय याचा साचा तिथं स्वच्छ दिसतो. तो साचा विलायती आहे, हेही उघड आहे. १८९३ पासून इंग्रजीत सेक्स्टन ब्लेक नावाचा डिटेक्टिव्ह, आणि पुढं त्याच्या जोडीला टिंकर नावाचा पोऱ्या, असे चालत आले होते. ढीगभर लेखकांनी त्यांच्यावर लिहिलं. धनंजय-छोटू ही जोडी त्याच वळणाची. नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी मराठी कादंबरीचे, नाटकांचे किती देव्हारे उसन्या लाकडाचे आहेत ते आधी मोजावं, मग बोलावं.

पाचसहा धनंजय झाले की झुंजार घ्या. तो डिटेक्टिव्ह नाही, तो कायद्याच्या बाहेरचा. पैसेवाल्या बदमाशांना लुटणारा. काळापहाडही त्याच जातीचा. (जात हा शब्द इथं चुकून आला नाही.) तिथून गुरुनाथ नाईकांकडं या. हा गोव्याचा माणूस, २०२१ साली गेला, यानंही हजाराच्या घरात पुस्तकं लिहिली. त्याचा गोलंदाज, त्याचा कॅप्टन दीप. इथं चाल वेगळी, सीमेवरची, लष्करी, धावपळ जास्त आणि डोकं कमी. मला फार रुचत नाही, पण दोन वाचून बघा. मग पुण्याचा सुहास शिरवळकर, १९४८ ते २००३. त्याच्याकडं संवाद असे की पोरं ते पाठ करायची. हिंदी येत असेल तर, आणि गोंदियाच्या माणसाला न येऊन सांगतो कुणाला, सुरेंद्र मोहन पाठकांचा सुधीर कोहली घ्या. दिल्लीतला खासगी डिटेक्टिव्ह, हलकट, दारुडा, स्वतःवर हसणारा. आणि उर्दूतून हिंदीत आलेला इब्ने सफी, ज्यानं १९५२ साली अलाहाबादेत 'जासूसी दुनिया' सुरू केली. फाळणीनंतरच्या त्या वर्षांत हिंदू वाचक आणि मुसलमान वाचक एकाच जासूसाच्या मागं पळत होते. कुठल्या राष्ट्रीय एकात्मता परिषदेनं एवढं केलं?

इथवर मी तारीफ केली. आता दुसरी बाजू. कारण मी धनंजयचा भाट नाही.

वाचताना एक काम करा. हातात पेन्सिल घ्या. पहिल्या पानापासून खुणा करा: मेला कोण? मेला तो बहुतेक शेठ, नाहीतर रावबहादूर, नाहीतर बंगल्यातली बाई. म्हणजे ज्याच्या मरणानं वारसा हलतो, तिजोरी हलते, असा माणूस. आता बघा, घरात संशय कुणावर? आधी गड्यावर, ड्रायव्हरवर, गुरख्यावर, मोलकरणीवर. मग लेखक म्हणतो की नाही, हा निर्दोष आहे. वा! निर्दोष ठरवायला का होईना, आम्ही पुस्तकात आलो! मी एवढे वाचले, त्यात आमच्या वस्तीतला माणूस तपास करताना एकदाही भेटला नाही. मेलेलाही क्वचितच भेटला. आमचं मढं हे रहस्य होऊ शकत नाही, असा या साहित्याचा न लिहिलेला नियम आहे. आमचं मढं म्हणजे पेपरातल्या आतल्या पानावरची चार ओळींची बातमी.

आणि ती 'सराईत गुन्हेगार' नावाची टोळी! चेहऱ्यावर वण, तोंडी अशुद्ध भाषा, अड्ड्यावर राहणारी. ही माणसं अर्नाळकरांनी निर्माण केलेली नाहीत. ती १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टनं निर्माण केली. इंग्रजानं कायदा केला की अमुक जमातीत जन्मलास म्हणजे तू गुन्हेगार. हजेरी लाव, परवानगीशिवाय गाव सोडू नको, तारेच्या कुंपणात राहा. १९५२ साली कायदा रद्द झाला, आणि त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्यानं घेतली. शब्द बदलला, फौजदाराची नजर बदलली नाही. आजही कुठं चोरी झाली की पारध्याच्या पालावर आधी लाठी जाते. जिथं जन्म हाच पुरावा, तिथं डिटेक्टिव्ह कशाला लागतो?

इथंच झुंजारच्या शेजारी 'फकिरा' ठेवा. मुद्दाम. एकाच रॅकवर, पाठीला पाठ लावून. अण्णाभाऊ साठ्यांची ही कादंबरी १९५९ ची, बाबासाहेबांना अर्पण केलेली. फकिराही लुटतो. तोही श्रीमंताचं लुटून उपाशांना वाटतो. झुंजारही लुटतो. पण झुंजार पोलिसांना चुकवून मोटारीत बसतो, घरी जातो, कपडे बदलतो. फकिरा चुकवून जाईल कुठं? त्याचं घर म्हणजेच हजेरीची जागा. त्याच्यापायी अख्खी वस्ती धरली जाते. एकाची लूट म्हणजे करमणूक, दुसऱ्याची लूट म्हणजे फास. हे दोघं शेजारी वाचल्याशिवाय तुम्हाला झुंजारही कळणार नाही आणि फकिराही कळणार नाही. पण तुम्ही काय केलं? फकिराला हार घातला आणि झुंजारला रद्दीत दिलं. मग पोरांना फरक कळणार कसा, भाषणातून?

आता थोडं बाहेर बघू. आपण नाव कुणाचं घेतलं? १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर, १९७२ साली मुंबईत दलित पँथर. नाव घेतलं, कविता घेतली, निबंध घेतले. त्यांच्या रहस्यकथा का नाही घेतल्या? चेस्टर हाइम्स नावाचा काळा माणूस दरोड्याच्या गुन्ह्यात ओहायोच्या तुरुंगात गेला आणि तिथंच लिहायला लागला. पुढं अमेरिका सोडून युरोपात गेला आणि १९५७ पासून त्यानं हार्लेमच्या दोन काळ्या डिटेक्टिव्हांची मालिका लिहिली. कॉफिन एड आणि ग्रेव्ह डिगर. एकाचं टोपणनाव शवपेटीवरून, दुसऱ्याचं कबर खोदणाऱ्यावरून. दोघे पोलिसात. गोऱ्या साहेबांची नोकरी आणि काळ्या वस्तीत ड्यूटी. आपल्यातला पोरगा फौजदार झाला की त्याची जी गत होते, ती या दोघांची. १९६९ चं 'ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल' वाचा. त्यात केस सुटतच नाही. खुनी सापडत नाही, रस्त्यावर दंगल होते, साहेब म्हणतात की गप्प बसा. रहस्यकथेचा नियमच हाइम्सनं मोडून टाकला, कारण हार्लेममध्ये शेवटच्या प्रकरणात उलगडा होत नव्हता.

दुसरा वॉल्टर मोस्ली. १९९० साली 'डेव्हिल इन अ ब्ल्यू ड्रेस' आलं आणि ईझी रॉलिन्सची मालिका तीस वर्षांच्या वर चालली. सुरुवात कुठून करायची म्हणता ना? इथं मात्र पहिल्यापासूनच करा. १९४८ चं लॉस एंजेलिस. ईझी महायुद्ध लढून आलेला, विमानाच्या कारखान्यातून कामावरून काढलेला. स्वतःचं छोटं घर घेतलंय, त्याचा हप्ता थकलाय. म्हणून एका गोऱ्याचं काम घेतो: एका बाईला शोधून दे. काळ्या अड्ड्यांवर गोरा जाऊ शकत नाही, ईझी जाऊ शकतो. एवढंच त्याचं भांडवल. पुढं पुस्तकामागून पुस्तक वर्षं सरतात, ईझी म्हातारा होत जातो, पोरं सांभाळतो, २००४ च्या 'लिटल स्कार्लेट'मध्ये १९६५ च्या वॉट्सच्या दंगलीची राख अजून गरम असते. धनंजयचं वय वाढत नाही, ईझीचं वाढतं. का? ज्याच्या घराचा हप्ता थकलाय त्याला काळ थांबवता येत नाही. ज्याला रस्त्यात पोलीस अडवतो त्याला मागची केस विसरता येत नाही. क्रम लागतो तो इथं लागतो.

आणि हा सगळा मामला माझ्यासाठी करमणुकीचा का नाही, ते ऐका.

२९ सप्टेंबर २००६. खैरलांजी. मोहाडी तालुका, भंडारा जिल्हा, आमच्या शेजारचं. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं, आई, मुलगी, दोन मुलगे, भर वस्तीत मारली आणि कालव्यात टाकली. आता हीच रहस्यकथा म्हणून वाचा. साक्षीदार? अख्खं गाव. खुनी कोण? कुणाला शोधायचं नव्हतं. आणि तरीही रहस्य तयार करण्यात आलं! आधी पोलीस, मग सीआयडी, मग सीबीआय. शवविच्छेदनावर प्रश्न उठले, मढी उकरून पुन्हा तपासावी लागली. खरं बाहेर काढलं ते गावोगाव फिरलेल्या कार्यकर्त्यांनी, सत्यशोधन समित्यांनी. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टात आठ जण दोषी ठरले, सहांना फाशी. पण ॲट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही. २०१० साली नागपूर खंडपीठानं फाशी काढून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. जात हे कारणच नाही! शेवटच्या प्रकरणात खुनी उभा केला आणि खुनाचं कारण पुस्तकातून फाडून नेलं.

इंग्रजी रहस्यकथेत प्रश्न असतो: खून कुणी केला? आमच्याकडं प्रश्न उलटा असतो: कुणी केला हे सगळ्यांना ठाऊक असताना ते कागदावर कसं येऊ दिलं नाही? एफआयआर कुणी लिहिली, कुठलं कलम गाळलं, पंचनाम्यावर पंच कोण, साक्षीदार कोणत्या तारखेला फिरला, त्याच्या आदल्या आठवड्यात त्याच्या घरी कोण येऊन गेलं. हा तपास करायला मोठी अक्कल लागते. पेन्सिल घेऊन शंभर पानं पुढं-मागं चाळायची सवय लागते. चावी कुणापाशी होती ते सांगितलंच नाही, हे लक्षात यावं लागतं. ते वाचनालयातलं पोरगं उद्या एखाद्या कोर्टाच्या आवारात उभं राहणार आहे. त्याच्या हातातला धनंजय काढून घेताना तुम्ही त्याचं हत्यार काढून घेतलंय.

कुणी म्हणेल की डिटेक्टिव्ह ही मुळात भांडवलदारी चीज. मान्य. अमेरिकेत पिंकर्टनची माणसं १८९२ साली होमस्टेडच्या संपकऱ्यांवर बंदुका घेऊन आली होती, हे मलाही माहीत आहे. आपल्याकडं खासगी डिटेक्टिव्ह एजन्सीसाठी २००७ साली विधेयक आलं, कायदा झालाच नाही; बोर्ड लावला की डिटेक्टिव्ह. आणि त्या बोर्डाखाली मोठा धंदा कशाचा? लग्नाआधीच्या चौकशीचा! पोरगा काय करतो, घर कसं, मुलगी कुणाबरोबर फिरते, आणि तो 'कुणाबरोबर' म्हणजे कोण, कुठल्या वस्तीतला. म्हणजे खराखुरा धनंजय आज आपल्याच पोरामागं लावला जातो, पैसे मोजून. तेव्हा या पेशाबद्दल मला भोळं प्रेम नाही. पण सत्य शोधण्याचा मक्ता पिंकर्टनला कुणी दिला? १८७३ साली जोतीरावांनी समाज काढला त्याचं नाव काय ठेवलं? सत्यशोधक! शब्द नीट वाचा. आणि बाबासाहेबांनी १९४६ साली पुस्तकाच्या नावातच प्रश्न विचारला की शूद्र पूर्वी कोण होते. तोही तपासच. आरोपी ग्रंथ, साक्षीदार ग्रंथ, आणि तपास करणारा असा की ज्याला त्या ग्रंथांना हात लावायचीही बंदी होती. हे चालतं, मग धनंजय का चालत नाही? की आपलं वाचन मोठ्या पुस्तकांपासूनच सुरू झालं, असं दाखवायचं आहे? कुणाचंही तसं होत नाही. दहावीपर्यंत चांदोबा आणि अर्नाळकर वाचून वर आलेले लोक वर पोचल्यावर शिडी ओढून घेतात, याचीच मला चीड आहे.

एक बारीक गोष्ट सांगतो, जी मला फार उशिरा कुणी विद्वानानं नाही, माझ्या धाकट्या भावानं दाखवली. धनंजय, झुंजार, काळापहाड. ही माणसं आडनावानं ओळखली जात नाहीत. नुसतं नाव. मराठी कथेत माणूस दाराशी आला की आधी त्याचं आडनाव येतं आणि आडनावाबरोबर त्याला बसायला पाट द्यायचा की ओट्यावरूनच बोलायचं ते ठरतं. शिरवळकरांकडंही बघा, एक नायक मंदार पटवर्धन. अर्नाळकरांनी ते हेतूनं केलं असं मी म्हणत नाही. पण गोंदियाच्या पोराला त्या फटीतून आत शिरता आलं. धनंजय माझ्या गल्लीतला असेल, असं एक रात्रभर समजायला कुणाची हरकत नव्हती.

तर मागणी अशी. रॅक परत भरा. रद्दीतून आणा, जुन्या बाजारातून आणा, घरोघर माळ्यावर पडलेत ते मागून आणा. शेजारी फकिरा ठेवा. हाइम्स आणि मोस्ली मराठीत आणा. तुमच्यात इंग्रजी चांगलं येणारे आहेत, भाषांतराला बसा. आणि ज्यांना लिहिता येतं त्यांनी आत्मकथनातून जरा वेळ काढून रहस्यकथा लिहायला घ्या. मी पहिली केस देतो, फुकट. डिटेक्टिव्ह बाई. वय चाळीसच्या पुढं. गोंदियात विड्या वळते. दुनियेतल्या कुठल्याही डिटेक्टिव्हाला येत नाही अशी एक विद्या तिला येते: विडीचं तोंड कसं मुडपलंय हे बघून ती कुणाच्या हातची आहे ते ती सांगते. सट्टेदारानं छाट म्हणून काढलेल्या, वहीत न मांडलेल्या विड्या एका मढ्याच्या खिशात सापडतात. मढं कुणाचं? आपल्यातल्याच एकाचं. पोलीस म्हणतात आत्महत्या. ती पॅसेंजरनं निघते, आमगाव, सालेकसा, परत तिरोडा, जिथं जिथं त्या हाताची बाई असेल तिथं. आडनाव द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तिचं वय वाढलं पाहिजे. पहिल्या पुस्तकात खोकला नसेल, चौथ्यात असेल.

पानं शंभरच्या वर नकोत. मिलच्या रात्रपाळीवरून आलेल्या माणसाचं एका बैठकीत संपलं पाहिजे, आणि जिला वाचता येत नाही तिला मोठ्यानं वाचून दाखवता आलं पाहिजे.